प्रेस्कॉटले कोणी जेवायले बोलावलं का?

आमच्या गजभिये काकांनी फोनवर आयुष्यात कधी "हॅलो" म्हटलं नाही. सकाळी साडेसहाला फोन वाजायचा, मी अर्धवट झोपेत उचलायची आणि पलीकडून थेट प्रश्न यायचा, "राहते का जाते?"

कोण राहते, कुठे जाते, काही पत्ता नाही. पहिल्यांदा हा फोन आला तेव्हा मला वाटलं, कोणीतरी हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजतंय. मी धाडकन उठून बसले. "कोणाला काय झालं, काका?" तर म्हणाले, "अजून काही नाही झालं. तेच तर सांगून राहिलो. सगळे मालक हॉटेलात बसून मीटिंगा करून राहिले, अन् आपलं पोट्टं एकटं घरी बसून राहिलं!"

आपलं पोट्टं म्हणजे लॉनी प्रेस्कॉट, आमच्या शहराच्या बेसबॉल टीमचा सगळ्यात मोठा हिटर. सहा फुटांच्या वर उंची, छातीपर्यंत दाढी, दोन मुलांचा बाप. पण नागपूरकडे पोराला पोट्टं म्हणतात आणि काकांना स्वतःपेक्षा लहान असलेला कोणीही पोट्टंच वाटायचा. त्या वर्षी प्रेस्कॉटचा टीमशी असलेला करार संपला होता. करार संपला की खेळाडू 'फ्री एजंट' होतो, म्हणजे देशातल्या वाटेल त्या टीमकडे जायला मोकळा. झालं, थंडी सुरू झाल्यापासून पेपरात एकच चर्चा. न्यूयॉर्कवाले नेणार, की कॅलिफोर्नियावाले, की टेक्सासवाले, की गडी आमच्याच गारठ्यात राहणार? पेपरवाले हे आठवड्यातून दोनदा विचारायचे. काका रोज विचारायचे आणि तेही मला. जसं काही प्रेस्कॉट माझ्याच किचनमध्ये बसून निर्णय घेणार होता.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही मिनिआपोलिसच्या बाहेर ईडन प्रेरीत राहायचो. माझा नवरा अविनाश एका कॉम्प्युटर कंपनीत, मी बँकेच्या काउंटरवर आणि आमची रेवा दुसरीत. समोरच्या घरात दामोदर गजभिये, मूळचे नागपूरचे, घरं गरम ठेवायच्या यंत्रांचे इंजिनियर. काकू नर्स होत्या. आम्ही इथे आलो त्याच्या पुढच्याच वर्षी त्या गेल्या. मूलबाळ नाही. दिवाणखान्यात बुद्धाची पितळी मूर्ती, तिच्यासमोर रोज मेणबत्ती आणि खिडकीजवळच्या कपाटावर रेडिओ. टीव्ही होता, पण मॅच लागली की टीव्हीचा आवाज बंद आणि रेडिओ चालू. "टीव्हीवाले फक्त दाखवतेत. रेडिओवाले समजावून सांगतेत," हे त्यांचं म्हणणं.

रेडिओचं हे वेड जुनं. काका या देशात आले तेव्हा पहिलं वर्षभर एकटेच होते. काकूंचा व्हिसा व्हायचा होता, संध्याकाळी बोलायला चिटपाखरू नाही. मग एक सेकंडहँड रेडिओ घेतला आणि अमेरिकन इंग्रजी शिकले ते बेसबॉलच्या कॉमेंट्रीवरून. त्यामुळे त्यांचं इंग्रजी चालीला नागपूरचं आणि उत्साहाला स्टेडियमचं. कुकरची तिसरी शिट्टी झाली की स्वयंपाकघरातून आरोळी यायची, "स्ट्राइक थ्री! ही इज आउट!" आणि गॅस बंद. ऑफिसात साहेबाने काही अवघड विचारलं तर म्हणायचे, "आय विल लेट दॅट वन गो बाय, सर." म्हणजे हा बॉल मी सोडून देतो. साहेबही बेसबॉलवालाच, तो हसायचा आणि दुसऱ्याला विचारायचा.

मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. मी त्यांची 'कोल्हापूर'. आम्ही राहायला आलो त्याच दिवशी त्यांनी जेवायला बोलावलं. गाव कोणतं विचारलं, मी ऐटीत कोल्हापूर सांगितलं. "म्हणजे तिखट खाता म्हणतेत लोक," असं म्हणून त्यांनी सावजी मटणाची वाटी माझ्यापुढे सरकवली. वर बोटभर लाल तर्री, खाली काळा मसाला. आता मी तांबड्या रश्श्यावर वाढलेली बाई. म्हटलं, नागपूरचं नागपूरचं म्हणतात, ते काय असणार! दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. अविनाश पुण्याचा, त्या शहाण्याने आधीच दही मागून घेतलं होतं. मी मात्र हट्टाने तिसरा घास घेतला आणि मग उठून सरळ नळाखाली तोंड धरलं. काका शांतपणे टॉवेल पुढे करत म्हणाले, "होते असं, कोल्हापूर. ग्राउंड नवीन आहे." त्या दिवसापासून मी त्यांची पुतणी आणि अविनाश जावईबापू. आम्हाला विचारलं वगैरे काही नाही, जाहीरच करून टाकलं.

आता मिनेसोटातल्या मराठी माणसांची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. इथे माणूस येतो तो ऑगस्टमध्ये. तळी बघतो, हिरवळ बघतो, गावी फोन करून सांगतो की स्वर्ग आहे स्वर्ग. मग जानेवारी येतो. नाकातले केस गोठतात, गाडी सुरू होत नाही, बायको रडते. एक हिवाळा कौतुकात जातो, दुसरा भांडणात आणि तिसऱ्याच्या आत सामान बांधून लोक कॅलिफोर्नियाला नाहीतर न्यू जर्सीला पसार होतात. तिकडे म्हणे आयसेलिनला रस्त्यावर भेंडी मिळते.

या सगळ्यांना एअरपोर्टवर घ्यायला जायचे कोण? गजभिये काका. त्यांच्या कपाटात लोकांना द्यायचे जास्तीचे कोट असायचे, पुरुषांचे, बायकांचे, पोरांचे. रविवारी मोकळ्या पार्किंगमध्ये नेऊन बर्फावर गाडी चालवायला शिकवायचे. "ब्रेक नाही मारायचा! घसरली तर घसरू द्या! तिच्यासंगं जा!" हा ओरडा मीही खाल्लाय. आणि जाताना परत एअरपोर्टवर सोडायलाही तेच. जाणारे डोळे पुसत सांगायचे, काका, फोन करू. एखाद-दुसरी दिवाळी फोन यायचा, मग तोही बंद. काका कधी कोणाला "थांबा" म्हणाले नाहीत. कोट तेवढा परत घ्यायचे, धुवायचे आणि पुढच्या माणसासाठी टांगून ठेवायचे.

आणि त्या हिवाळ्यात, नेमका प्रेस्कॉट मोकळा झाला तेव्हाच, अविनाशला कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोहून ऑफर आली. सॉफ्टवेअरचं काम, त्याला हवं तसं, वर बारा महिने ऊन. जानेवारी संपायच्या आत कळवायचं होतं. खोटं कशाला बोलू, मीही मनाने गेलेच होते. बर्फाचा मला वीट आला होता. अंगणात लिंबाचं झाड, बाहेर दोरीवर वाळणारे कपडे, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं. अडचण एकच होती, काकांना सांगायचं कोणी?

"तू सांग, तुझे काका," अविनाश म्हणाला.

"जावई तू आहेस. ऑफर तुला आलीये. तू सांग."

"तुला बोलता येतं नीट."

नवऱ्याला बायकोचं बोलणं नीट वाटतं ते फक्त अशा वेळी. काम माझ्याच गळ्यात पडलं.

मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एका सकाळी ते आमच्या दारातला बर्फ उडवत होते. स्वतःचं मशीन घेऊन सगळ्या गल्लीचा बर्फ उडवायचा हा त्यांचा नेम. डोक्यावर माकडटोपी, माकडटोपीवर टीमची कॅप, कॅपवर बर्फ. मी चहाचा कप घेऊन बाहेर गेले. "काका, एक बोलायचं होतं. कॅलिफोर्नियाचं..."

त्यांनी मशीन बंद केलं. "तुलेबी कळलं? अगं, कॅलिफोर्नियावाले लई मागं लागले त्याच्या! पण मी सांगतो, नाही जायचा. तिकडं काय आहे? ऊन! ऊन पाहून माणूस राहते का कुठं?"

मी पुढे केलेला चहा त्यांनी दोन घोटांत संपवला.

"ऊन तं नागपूरलेबी आहे," काका म्हणाले. "मी राहिलो का?"

झालं, मी रिकामा कप घेऊन घरात आले. अविनाशने नुसत्या भुवया उंचावून विचारलं. मी म्हटलं, "प्रेस्कॉट."

या प्रेस्कॉटच्या बाबतीत काकांचा एक सिद्धांत होता. लोक पैशासाठी जातात, हे त्यांना मान्यच नव्हतं. पैसे तर सगळेच देतात. टीमला दुसऱ्या टीमशी, खेळाडूला एजंटाशी आणि एजंटाला वकिलाशी बोलावं लागतं, हे सगळं त्यांनी रेडिओ ऐकून मुखोद्गत केलं होतं. पण मूळ मुद्दा, त्यांच्या मते, कोणाच्याच ध्यानात येत नव्हता.

"मले एक सांग, कोल्हापूर," ते टेबलावर बोट आपटत म्हणायचे. "इतके वर्सं ते पोट्टं या गावात राहून राहिलं. हजारो लोक टाळ्या वाजवतेत. पण त्याले कोणी जेवायले बोलावलं का? घरी? खाली बसवून, आग्रह करून, अजून एक घे म्हणून वाढलं का कोणी?"

"काका, तो मोठा स्टार आहे. हॉटेलात जेवत असेल."

"तेच! हॉटेलात जेवणारा माणूस कायले राहीन? हॉटेलं तं सगळ्याच गावात आहेत!"

मनात आलं की काका ते करून मोकळे व्हायचे. टीमच्या ऑफिसात त्यांनी फोन लावला आणि प्रेस्कॉटला रविवारी जेवायला पाठवा म्हणून सांगितलं. मेनूही सांगितला. तिथल्या बाईला वाटलं, हा माणूस पार्ट्यांना जेवण पुरवणारा आहे. ती गोड आवाजात म्हणाली, आमच्याकडे केटरर आहे, थँक यू. काका खवळले. "केटरर? त्याले पैसे देऊन जेवू घालतेत? अन् मग म्हणतेत पोट्टं जाऊन राहिलं!" दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी त्या बाईची आणि त्यांची चांगली ओळख झाली. तिच्या गुडघ्याला कोणतं तेल चोळायचं हेही काकांनी सांगितलं, पण प्रेस्कॉट काही आला नाही.

मग आली संक्रांत. आमच्या मराठी मंडळाचा तिळगूळ एका शाळेच्या हॉलमध्ये असायचा. मी ठरवून गेले होते की आज सांगायचंच, चारचौघांत सांगितलं की सोपं जातं. कसलं काय! नाट्यगीत संपल्याबरोबर काका माइकवर. त्यांनी ठराव मांडला, की येथील महाराष्ट्रीय समाज श्री. लॉनी प्रेस्कॉट यांना याच शहरात राहण्याची नम्र विनंती करीत आहे.

आता मराठी माणसासमोर ठराव मांडला की तो गंमत म्हणून सोडून देईल का? खजिनदार उठले आणि म्हणाले, 'नम्र' काढा, 'आग्रहाची' घाला. एक बाई म्हणाल्या, सोबत त्यांच्या सौभाग्यवतींचंही नाव घाला, नेहमी नवऱ्यांनाच कसल्या विनंत्या करता? मग आमचे पुण्याचे एक जुने सभासद, कपाळाला आठ्या घालून, "मंडळाच्या घटनेत खेळाविषयी तरतूद नाही," म्हणून उभे राहिले.

"घटनेचं मले नका शिकवू, साहेब," काका माइकमधून शांतपणे म्हणाले. "ते आमच्याकडंच राहू द्या."

हॉलभर हशा पिकला. पुण्याचे सभासदही हसले आणि त्यांनीच अनुमोदन दिलं. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. मी हातात तिळगूळ धरून काकांची वाट पाहत राहिले, पण ते मजकूर इंग्रजीत करायला दोघा-तिघांना घेऊन कोपऱ्यात बसले होते. रेवाने मला विचारलं, "आई, इफ प्रेस्कॉट लीव्हज, विल आजोबा क्राय?" मी तिला गप्प बस म्हटलं. काकांना ती आजोबा म्हणायची.

त्यानंतरच्या शनिवारी पेपरात आलं, की प्रेस्कॉट मॉलमधल्या एका दुकानात सह्या द्यायला येणार आहे. काकांच्या गाडीची बॅटरी थंडीने गेली होती. साडेसहाला फोन. "कोल्हापूर, गाडी काढ." मी म्हटलं, बरंच झालं, गाडीत दुसरं कोणी नाही, जाता जाता सांगून टाकू. पण काका गाडीत बसले ते मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला चार पुडांचा डबा घेऊन. काच बंद, हीटर चालू आणि सावजीचा घमघमाट. मी खोकत खोकत गाडी हाणली. बोलायला तोंड उघडलं की ठसका. मागच्या सीटवर रेवाने स्कार्फ नाकाला बांधला होता.

दुकानात ही लांबलचक रांग. लोकांच्या हातात बॉल, बॅटी, फोटो. आमच्या हातात डबा. रखवालदाराने उघडा म्हटलं. काकांनी झाकण काढलं. रखवालदार दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "सर, व्हॉट इज दॅट?"

"लंच," काका म्हणाले. "फॉर द बॉय."

टेबलापाशी पोचलो तेव्हा प्रेस्कॉटच्या शेजारी बसलेला सूटवाला हात आडवा करून म्हणाला, खाण्याचं काही चालणार नाही. पण वास काही परवानगी मागून पसरत नाही. प्रेस्कॉटने दाढी वर केली, हवेत नाक फिरवलं आणि विचारलं, हे काय आहे? काकांनी डबा उघडून ठेवला, ज्वारीची भाकर मोडली आणि तुकडा कसा बुडवायचा ते दाखवलं. मी मनात म्हटलं, गेला! उद्याच्या पेपरात बातमी, एका भारतीयाने प्रेस्कॉटला विष घातलं.

त्याने खाल्लं. कपाळावर घाम आला, डोळे लाल झाले. सगळी रांग बघत राहिली. मग त्या गड्याने सूटवाल्याला बाजूला सरकवून खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि दुसरा तुकडा मोडला. तिसरा. चौथा. मेल्याने पाणीसुद्धा मागितलं नाही. कोल्हापूरची लाज गेली ती गेलीच.

नंतर तो काकांशी काहीतरी बोलू लागला. मी रेवाला घेऊन मागे उभी होते, दुकानात गाणी लागलेली, मला काही ऐकू आलं नाही. एवढं दिसलं, की काका वाकून ऐकतायत, ऐकतायत आणि त्यांचं बोट, जे नेहमी टेबलावर आपटत असतं, ते टेबलावर नुसतंच टेकलेलं आहे. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, डब्याची झाकणं लावली आणि परत आले. सही घ्यायलाच विसरले.

"काय म्हणाला?" मी गाडीत विचारलं.

"चांगलं पोट्टं आहे," काका म्हणाले.

"राहतो म्हणाला का?"

"रस्ता घसरडा आहे. समोर पाहून चालव."

मी गाडीतही सांगितलं नाही. खरं तर तेव्हा ठसका नव्हता. पण त्यांचा चेहरा बघून माझ्याने बोलवेना.

पुढचा अख्खा आठवडा काकांनी प्रेस्कॉटचं नावही काढलं नाही. मंडळातले लोक फोन करून विचारायचे, काका, तुम्ही भेटलात ना, काय करतो बोला! तर काका, जे एरवी दोन तास बोलले असते, "आय विल लेट दॅट वन गो बाय," म्हणून फोन ठेवायचे. आणि मग एका सकाळी रेडिओवर बातमी आली. प्रेस्कॉटने टेक्सासमधल्या एका टीमशी करार केला होता. गावात संताप उसळला. पैशाला विकला गेला, कृतघ्न निघाला, रेडिओवर लोक फोन करकरून शिव्या देत होते.

आमचा फोन वाजला नाही. साडेसहा झाले, सात झाले. अविनाश म्हणाला, "जा बघून ये. आणि जाते आहेस तर आज सांग. उद्या मला कळवायचंय."

मी कोट चढवला आणि गेले. वाटलं होतं, काका डोकं धरून बसले असतील. ते स्वयंपाकघरात गॅससमोर उभे राहून चहा करत होते. रेडिओ बंद.

"ऐकलंत ना?" मी म्हटलं.

"मले त्याच दिवशी माहीत होतं. त्यानंच सांगितलं, दुकानात."

"आणि तुम्ही कोणाला बोलला नाहीत?"

"त्यानं म्हटलं, अजून कोणाले नका सांगू." काकांनी चहात आलं किसलं. "त्याची माय आहे तिकडं टेक्सासात. एकटी. गॅस चालू करते अन् विसरते. एकदा तं पडदाच पेटला म्हणे. पोट्टं म्हणे, मटण खाल्लं अन् मायची आठवण आली, तीबी असंच तिखटजाळ करायची. मी थांब म्हणायले गेलो होतो, कोल्हापूर. ठराव खिशात होता. पण त्याची माय तिकडं बसून राहिली, मी कोणत्या तोंडानं थांब म्हणू? मीच म्हटलं, जा बाबा. लवकर जा." मग रेडिओकडे बोट करून म्हणाले, "अन् हे लोक त्याले शिव्या देऊन राहिले. म्हणून बंद केला."

याच्यावर आता मी माझं सांगणार? पण उद्या कळवायचं होतं. मी एका दमात बोलून टाकलं. क्युपर्टिनो, सॉफ्टवेअर, ऑफर, उद्या. बोलताना मी ओट्यावरच्या साखरेच्या डब्याकडे बघत होते.

काकांनी गॅस बारीक केला. "कागदावर आली का तोंडी?"

"काय?"

"ऑफर. कागदावर आली का?"

"हो."

"सामान न्यायचा खर्च कोण देणार? ते लिहून घेतलं का? तिकडं घरं लई महाग आहेत, राहायची सोय पहिले काही महिने तेच करतील का? जावईबापूले सांग, पहिल्या आकड्याले हो म्हणायचं नाही. दुसरी एक कंपनीबी विचारून राहिली असं सांगायचं. पोट्टं हुशार आहे, पण मान हलवते लवकर." ते बोलतच सुटले. प्रेस्कॉटचा एजंट काय बोलला नसेल एवढं बोलले. रेवाची शाळा कशी बघायची, गाडी चालवत न्यायची की इकडेच विकायची, कोणत्या महिन्यात निघायचं. दोन कपांत चहा ओतला आणि माझ्यापुढे सरकवला.

मला राग आला. आता सांगते, चांगलाच आला. तीन महिने मी झुरत होते की या माणसाला काय वाटेल, आणि हा माणूस आमच्या सामानाचा खर्च मोजतोय! एका परक्या खेळाडूसाठी माइकवरून ठराव, डबे, रोज फोन. आणि आमच्यासाठी काय, तर ट्रकचं भाडं.

"काका, तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?" मी म्हटलं. माझा आवाज चढलाच होता. "आम्ही चाललो तरी चालेल तुम्हाला?"

त्यांनी चहाचं गाळणं नळाखाली धरलं. एकदा धुतलं, पुन्हा धुतलं.

"इतके लोक गेले या गावातून," ते पाठमोरेच म्हणाले. "मी कोणाले थांबा नाही म्हटलं. लोकाच्या संसारात मी कोण म्हणणारा? ज्याचं भलं ज्याले समजते. त्या पोट्ट्याले म्हणता येत होतं. ते काही माझं लागत नव्हतं, नाही म्हणालं असतं तरी काय बिघडत होतं." गाळणं त्यांनी झटकलं. "पण त्याची माय आहे तिकडं. तुमचं कोण आहे क्युपर्टिनोत?"

मी विचार केला. खरंच विचार केला. अविनाशचा कॉलेजातला एक मित्र, ज्याच्याशी त्याचं पटत नाही. एक लांबची आत्या, तीही लॉस एंजेलिसला.

"कोणी नाही, काका."

"मग?" ते वळले. डोळे लाल झाले होते आणि त्या दिवशी घरात सावजी शिजत नव्हतं. "इकडं मी आहो."

चहा तसाच राहिला. ते म्हणाले, पी, गार होऊन राहिला, आणि मी प्यायला घेतला, तर मला रडूच फुटलं. काका घाबरले. त्यांनी घाईघाईने टॉवेल दिला, साखरेचा डबा दिला, बिस्किटांचा पुडा दिला, शेवटी काहीच सुचेना म्हणून कपाटातून एक कोट काढून माझ्या खांद्यावर घातला, माझा कोट अंगात असताना. "अजून एक वर्सभर इकडंच राहून पाहा," ते म्हणत होते, "नाही जमलं तर मीच ट्रकात सामान चढवून देतो. देतो मी. आता रडू नको, बाप्पा."

दोन कोट घालून मी रस्ता ओलांडला. अविनाश दारातच उभा होता.

"सांगितलंस?"

"सांगितलं," मी म्हटलं. "आता तू क्युपर्टिनोला सांग."

काय सांगू, हे त्याने विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि आत जाऊन फोन उचलला.